नोकरी बदलताना, आई घरी राहायला आल्यावर आणि बाळाच्या आधी : आरोग्य विम्याचे काय करावे?

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून भांडुपला राहतो. दोन महिन्यांनी सध्याची नोकरी सोडत आहे आणि नवी नोकरी त्यानंतर सहा आठवड्यांनी सुरू होईल. पत्नीला पाचवा महिना सुरू आहे. आम्हा दोघांचा विमा केवळ कंपनीचा, पाच लाखांचा आहे. वडील आठ महिन्यांपूर्वी गेले. तेव्हापासून आई (वय ६६, मधुमेह) कोल्हापूरचे घर बंद करून आमच्याकडे आली आहे. आई-वडिलांची कोल्हापुरात काढलेली पाच लाखांची एकत्र पॉलिसी २०१७ पासून चालू असून तिचे नूतनीकरण तीन आठवड्यांवर आले आहे. नव्या कंपनीच्या विम्यात आईलाही घेता येते, म्हणून ती जुनी पॉलिसी बंद करावी असे वाटते. योग्य काय?

उत्तर :

वडिलांच्या जाण्याचे दुःख ताजे असताना आपल्याला हे कागद हाताळावे लागत आहेत, याची मला जाणीव आहे. आपल्या पत्रातला सर्वांत तातडीचा प्रश्न आपण शेवटी, जाता जाता लिहिला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. आईची पॉलिसी बंद करू नका. नव्या कंपनीचा विमा कितीही चांगला असला तरी बंद करू नका.

मी गेली बावीस वर्षे मुलुंडमध्ये आरोग्य विमा सल्लागार म्हणून काम करतो आणि त्याआधी चार वर्षे एका टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, क्लेमचे कागद तपासत होतो. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. आपल्याकडे आरोग्य विमा बहुतेकांना कुठल्या तरी नात्यामुळे मिळतो : कोणाचा नोकर म्हणून, कोणाची पत्नी म्हणून, कोणाचे अपत्य किंवा कोणाचे आईवडील म्हणून. लग्न, बाळंतपण, नोकरीतला बदल, निवृत्ती, घटस्फोट किंवा मृत्यू यांनी ते नाते बदलले की विम्यातली जागाही बदलते, आणि ती बदलल्याचे घरी कोणी येऊन सांगत नाही. जे नात्यावर अवलंबून नसते आणि स्वतःचे म्हणून उरते, ते म्हणजे स्वतःच्या नावावरच्या पॉलिसीत भरून काढलेली वर्षे. आपल्या आईकडे आज नेमकी तीच पुंजी आहे.

ती किती मोलाची आहे ते पाहू. नव्या वैयक्तिक पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचा क्लेम मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातील खडे, गुडघ्याचे सांधेरोपण अशा ठरावीक उपचारांसाठी बहुतेक पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते, आणि मधुमेहासारख्या आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मधुमेहाच्या बाबतीत ही अट फार लांबवर पोहोचते, कारण पुढे मूत्रपिंडाचा, डोळ्यांच्या पडद्याचा किंवा पायाच्या जखमेचा त्रास झाला तर त्याचे मूळ मधुमेहात असल्याचे दाखवून विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. वयाच्या ६६व्या वर्षी आई नव्याने पॉलिसी घ्यायला गेल्या, तर वयाच्या कारणाने दार आता पूर्वीसारखे बंद होत नाही, कारण एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत कमाल वयाची जुनी चौकट राहिलेली नाही. तरीही वैद्यकीय तपासण्या, वाढीव हप्ता आणि हे सगळे प्रतीक्षाकाळ त्यांच्या वाट्याला येतीलच. २०१७ पासूनच्या पॉलिसीत ते केव्हाच संपले आहेत.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोरॅटोरियम. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, ‘अर्ज भरताना अमुक आजार सांगितला नव्हता’ या कारणाने विमा कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी ९६ महिने होती, ती २०२४ मध्ये ६० वर आली. जुन्या अर्जांवर एजंटांनी काय लिहिले आणि काय गाळले हे घरच्यांना बहुधा ठाऊकही नसते, म्हणून ज्येष्ठांच्या पॉलिसीत या कलमाला मी फार महत्त्व देतो. विमा रक्कम मधल्या काळात वाढवली असेल, समजा तीन लाखांची पाच लाख केली असेल, तर वाढीव दोन लाखांपुरता हिशेब वाढवलेल्या तारखेपासून नव्याने सुरू होतो, एवढे लक्षात ठेवा.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाला मी स्वतः उलट सल्ला दिला होता. मुलाला चांगली नोकरी लागली होती, कंपनीच्या विम्यात आईवडील दोघेही येत होते, मग दोन ठिकाणी हप्ता कशाला, असे मी म्हणालो आणि त्यांनी वडिलांची सहा वर्षांची पॉलिसी सोडून दिली. अडीच वर्षांनी त्या कंपनीने खर्च कमी करण्यासाठी आईवडिलांचा विमा काढून टाकला. वडिलांची अँजिओप्लास्टी त्यानंतर चार महिन्यांनी झाली आणि ती त्यांनी मुदत ठेव मोडून केली. ते गृहस्थ मला एक शब्दही बोलले नाहीत, पण तेव्हापासून आईवडिलांची चालू पॉलिसी बंद करा, असे मी कोणालाही सांगितलेले नाही.

आता पॉलिसी चालू ठेवायची म्हणजे काय करायचे, ते सांगतो. आपले वडील त्या पॉलिसीचे प्रस्तावक, म्हणजे अर्ज करून ती आपल्या नावाने घेणारे, असणार. प्रस्तावक गेल्याने दुसऱ्या विमाधारकाचे संरक्षण संपत नाही, पण कंपनीला लेखी कळवून, मृत्यूचा दाखला जोडून, आईंना प्रस्तावक करून घ्यावे लागते. त्यासाठी त्यांचे आधार, पॅन आणि त्यांच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते लागेल. खाते महत्त्वाचे आहे, कारण भरपाईच्या (आधी बिल भरून नंतर मागितलेल्या) क्लेमचे पैसे प्रस्तावकाच्या खात्यात जमा होतात. नामनिर्देशनही बदलून घ्या. जुन्या अर्जावर आईंचेच नाव नॉमिनी म्हणून असण्याची शक्यता मोठी आहे.

येथे एक धोका असा आहे की तो मी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरात पाहतो. हप्ता वडिलांच्या बँक खात्यातून आपोआप जात असेल आणि त्यांच्या निधनानंतर ते खाते बंद झाले किंवा गोठवले गेले, तर हप्ता परत फिरतो. आठवणीचा संदेश वडिलांच्या मोबाईलवर जातो आणि तो मोबाईल कपाटात पडलेला असतो. म्हणून या वर्षीचा हप्ता आपण स्वतः, तारखेच्या आठ दिवस आधी भरा आणि पावती हातात घ्या. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते. त्या मुदतीत पैसे भरले तर जुनी वर्षे वाया जात नाहीत, पण मधल्या दिवसांत आजारपण आले तर त्याचा क्लेम मिळत नाही. हप्ता भरताना एक दिलासा मिळेल : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावर जीएसटी आकारला जात नाही.

कोल्हापूरचा पत्ता भांडुपचा करून घेणे ही केवळ पत्रव्यवहाराची सोय आहे असे समजू नका. अनेक विमा कंपन्या शहरांचे विभाग पाडून हप्ता ठरवतात. मुंबई आणि परिसर सहसा सर्वांत महाग विभागात येतो, कोल्हापूर त्याखालच्या विभागात. खालच्या विभागाचा हप्ता भरून वरच्या विभागात उपचार घेतले, तर बऱ्याच पॉलिसींत बिलाचा ठरावीक हिस्सा, कुठे १० टक्के तर कुठे २० टक्के, रुग्णाला सोसावा लागतो. मुलुंडमध्ये तीन लाखांचे बिल झाले आणि २० टक्क्यांची अट लागली, तर ६० हजार रुपये आपल्या खिशातून जातील. विभाग बदलल्याने हप्ता वाढेल, पण ती वाढ या रकमेच्या मानाने थोडी असते. पत्त्यातला बदल नूतनीकरणाच्या आधीच कळवा आणि नव्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर मुंबईचा विभाग छापून आला आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

सेवा समाधानकारक नसेल तर पुढे कंपनी बदलता येते. २०११ पासून भारतात आरोग्य विम्याची पोर्टेबिलिटी आहे आणि जुन्या वर्षांचे श्रेय नव्या कंपनीकडे जाते. मात्र बहुतेक पॉलिसींच्या अटींत नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा, असे म्हटलेले असते. आपल्याकडे २१ दिवस उरले आहेत, त्यामुळे या वर्षी तो विचार बाजूला ठेवा.

नव्या कंपनीच्या विम्यातही आईंना घ्यायचे असेल तर जरूर घ्या. दोन्ही विमे एकाच वेळी असण्यात काही गैर नाही. एकाची रक्कम संपली तर उरलेल्या बिलासाठी दुसऱ्याकडे जाता येते. कंपन्यांमध्ये आईवडिलांचा हप्ता बहुधा कर्मचाऱ्यालाच भरावा लागतो आणि त्यांना घेण्याची संधी रुजू होताना किंवा कंपनीच्या गट विम्याच्या (सर्व कर्मचाऱ्यांच्या एकत्र विम्याच्या) नूतनीकरणाच्या वेळीच मिळते, हे आधी विचारून घ्या.

आता आपला आणि आपल्या पत्नीचा प्रश्न. त्यांना पाचवा महिना आहे, दोन महिन्यांनी सातवा, आणि सहा आठवड्यांचा खंड नेमका आठव्या महिन्यावर येतो. आपण बहुधा विश्रांतीसाठी, बाळाच्या तयारीसाठी तो ठेवला असावा. परंतु विमा सल्लागार म्हणून मला जे वाटते ते स्पष्ट लिहितो : या खंडावर कोणतीही पॉलिसी विकत घेण्यापेक्षा हा खंडच टाळा.

कारण असे की गट विमा सहसा कार्यमुक्तीच्या दिवशी संपतो. पॉलिसीची छापील मुदत मार्चपर्यंत असली तरी एचआर दर महिन्याला विमा कंपनीला ‘अॅडिशन-डिलिशन’ची यादी पाठवते आणि त्यात आपले नाव शेवटच्या दिवसाच्या तारखेने वगळले जाते. मोबाईलमधले ई-कार्ड मात्र तसेच दिसत राहते, म्हणून फसगत होते. एकदा एका रुग्णालयाच्या कॅशलेस खिडकीपाशी मी एका तरुण दांपत्याबरोबर उभा होतो. पत्नीला मंगळवारी पहाटे दाखल केले होते, पूर्वमंजुरीचा अर्ज गेला होता, ई-कार्डची प्रत जोडलेली होती. साडेअकराला उत्तर आले : सदस्य शुक्रवारपासून सक्रिय नाही. पती पुन्हा पुन्हा मोबाईल पुढे करून सांगत होता की कार्डवर तर पुढच्या जूनची तारीख आहे. खिडकीतल्या मुलीने दोनदा पडदा वळवून त्याला दाखवला. ८० हजारांची अनामत भरायला त्याने मेहुण्याला फोन केला, तेव्हा त्याचा आवाज कापत होता.

म्हणून या आठवड्यातच एचआरला ईमेल करून विचारा की माझे आणि कुटुंबाचे विमा संरक्षण नेमक्या कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी संपते, आणि शिल्लक रजा नोटीसकाळात धरून किंवा कार्यमुक्तीची तारीख पुढे ढकलून ते लांबवता येईल का. दुसऱ्या बाजूने नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख अलीकडे आणण्याची विनंती करा आणि कारण मोकळेपणाने सांगा. शुक्रवारी कार्यमुक्ती आणि सोमवारी रुजू होणे जमले तर मधले फक्त शनिवार-रविवार उरतात. नव्या कंपनीकडून आणखी तीन गोष्टी लेखी मागा : प्रसूतीचा खर्च पहिल्या दिवसापासून मिळतो की नऊ महिने थांबण्याची अट आहे, प्रसूतीसाठी स्वतंत्र कमाल रक्कम किती, आणि नवजात बाळाला जन्मापासून संरक्षण आहे की नाही. बहुतेक गट पॉलिसींत नऊ महिन्यांची अट काढून टाकलेली असते, पण लहान कंपन्यांच्या स्वस्त पॉलिसींत ती अजून आढळते.

खंड अटळच असेल तर? प्रसूतीसाठी आता नवी वैयक्तिक पॉलिसी शोधू नका. अशा पॉलिसींत प्रसूतीचा लाभ असलाच तर तो नऊ महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या प्रतीक्षेनंतर मिळतो, आणि गरोदर असताना केलेला प्रस्ताव अनेक कंपन्या प्रसूतीनंतर या, असे सांगून पुढे ढकलतात. गरोदरपण लपवून पॉलिसी देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. स्वतःसाठी मात्र वैयक्तिक पॉलिसी आजच घ्या, कारण नोटीसकाळाचे ६० दिवस हातात आहेत आणि पहिल्या ३० दिवसांची अट तोवर निघून जाईल. पत्नीसाठी सध्याच्या गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याचा अर्ज कार्यमुक्तीच्या आधीच द्या. ही सोय नियमांत आहे आणि तिच्यात गट विम्यात काढलेल्या काळाचे श्रेय जुन्या विमा रकमेपुरते मिळते. एचआर बहुधा याबद्दल आपण होऊन सांगत नाही. स्थलांतरात गटातला प्रसूतीचा लाभ मागोमाग येतोच असे नाही, तेव्हा अकाली प्रसूतीचा विचार करून दीड-दोन लाख रुपये खंडाच्या काळापुरते हाताशी मोकळे ठेवा आणि पालिकेच्या जवळच्या रुग्णालयातही नाव नोंदवून ठेवा. भांडुपहून घाटकोपरचे राजावाडी जवळ आहे. नवजात बाळाची गुंतागुंत वाटल्यास परळचे वाडिया प्रसूतिगृह आहे.

पत्नीचे नाव नव्या कंपनीत देताना एक खास आपल्याकडची अडचण येते. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिले नावही बदलते, आणि मग आधारवर माहेरचे, पॅनवर सासरचे, बँकेत तिसरेच अशी स्थिती होते. विम्यात जे नाव जाईल तेच रुग्णालयाच्या नोंदीत आणि ओळखपत्रावर असायला हवे. नाव बदललेच पाहिजे असे कुठेही नाही. माहेरचे नाव ठेवायचे असेल तर सगळीकडे तेच ठेवा. विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. तो अजून काढला नसेल तर महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात नोंदणी करून मिळतो, आणि उशीर झाला असल्यास विलंब शुल्क भरावे लागते.

बाळ झाल्यावर बहुतेक गट पॉलिसींत ३० दिवसांच्या आत त्याचे नाव कळवायचे असते; काही ठिकाणी ही मुदत याहूनही कमी असते. बारशाची वाट पाहू नका. जन्मदाखल्यावर नाव नंतर घालता येते आणि विम्यातही ‘बेबी ऑफ’ असे लिहून आईच्या नावाने नोंद होते. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड मिळाले की त्याच संध्याकाळी एचआरला ईमेल पाठवा. मुदत हुकली तर बाळाला पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावे लागू शकते. प्रसूतीनंतर तीन महिन्यांनी आपल्या वैयक्तिक पॉलिसीत पत्नी आणि बाळ दोघांनाही घेऊन ती कौटुंबिक करून घ्या. बहुतेक वैयक्तिक पॉलिसींत बाळाला ९१व्या दिवसापासून घेतात.

ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे आणि जे कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये आहेत, त्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि आपल्या ओळखीत असे कोणी असेल तर त्यांना हे सांगा. तेथे एप्रिल ते सप्टेंबर या काळातल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. त्यामुळे नोकरी सुटली त्याच दिवशी सगळे संपले असे समजू नये. पगार मध्येच मर्यादेपलीकडे गेला तरी चालू सहामाही संपेपर्यंत सदस्यत्व राहते.

आईंसाठी आणखी एक काम आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी आहे आणि तिच्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे, यादीतले उपचार संलग्न रुग्णालयांत होतात. आईंचे नाव अजून कोल्हापूरच्या रेशनकार्डावर वडिलांच्या नावाखाली असेल, तर ते आपल्या कार्डावर आणून घ्या आणि आधारवरचा पत्ताही बदला. केंद्राची ७० वर्षांवरील सर्वांसाठीची आयुष्मान वय वंदना योजना त्यांना चार वर्षांनी लागू होईल.

शेवटी, कोल्हापूरचे घर अजून आपल्याच ताब्यात आहे तोवर एकदा जाऊन या आणि वडिलांची विम्याची फाईल शोधा. २०१७ चा पहिला अर्ज, पहिली पॉलिसी आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाच्या नूतनीकरणाच्या प्रती एकत्र करा, मधले एखादे वर्ष सापडले नाही तर विमा कंपनीकडून आताच मागवून घ्या, आणि पूर्ण संच आईंच्या औषधांच्या डब्याशेजारी, घरातल्या कोणालाही रात्री सापडेल असा ठेवा.